पदवीचे नाव आणि पात्रतेचा रकाना

बारावीचा निकाल लागला की कोल्हापूरच्या व्यापारी घरांत दुकान, पेढी आणि माजघर अशा तिन्ही ठिकाणी प्रवेशाचीच चर्चा असते. सनदी लेखापाल, व्यवस्थापन, अभियांत्रिकी या मळलेल्या वाटा. अलीकडे मात्र एखाद्या घरातून वेगळेच उत्तर ऐकू येते. मुलगी सांगते, ‘मला निसर्गसंवर्धन शिकायचे आहे.’ वडील विचारतात, ‘त्यातून पुढे काय?’ आणि आजी विचारते, ‘तिथे जीव मारावे लागतात का गं?’ या दोन प्रश्नांची नीट उत्तरे मिळाली, तर महाविद्यालयाची निवड निम्म्याहून अधिक झाली असे समजावे.

आजीचा प्रश्न आधी घेऊ. प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांतील विच्छेदन बंद करण्याचे निर्देश विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये दिले आहेत. त्यामुळे बेडूक कापण्याच्या जुन्या आठवणींवरून आज या विषयाला नकार देणे योग्य नव्हे. कृषी आणि वनशास्त्र या शाखांत मात्र कीटकशास्त्राचाही अभ्यास असतो आणि तेथे कीटकांचे नमुने गोळा करण्याची रीत आहे. छायाचित्रे किंवा महाविद्यालयातील जुना संग्रह यांवर भागेल का, हे त्या विभागाच्या प्राध्यापकांना प्रवेशापूर्वीच विचारावे. प्रवेशानंतर कळले तर मुलीची विनाकारण कोंडी होते.

वडिलांच्या प्रश्नाला अधिक वेळ द्यावा लागेल, कारण खरी गफलत तेथेच होते. निसर्गसंवर्धन म्हटले की भारतीय वनसेवेचे स्वप्न डोळ्यांसमोर येते. ती परीक्षा संघ लोकसेवा आयोग घेतो आणि पात्रतेचे विषय नेमून देतो. पशुसंवर्धन व पशुवैद्यकशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र आणि प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय पदवीला असावा लागतो. अथवा कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकी यांपैकी एखादी पदवी असावी लागते. या यादीत ‘पर्यावरणशास्त्र’ हा शब्द नाही. म्हणजे ज्या पदवीचे नाव उद्दिष्टाच्या सर्वांत जवळचे, तीच एकटी घेतली तर परीक्षेचे दार बंद राहू शकते. आणि साध्या वनस्पतिशास्त्राच्या पदवीने ते उघडते. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावरील वाघाचे चित्र पाहून शुल्क भरणाऱ्या पालकांनी आतल्या पानांवरील विषयांची यादीही वाचावी. पर्यावरणशास्त्र घ्यायचेच असेल, तर यादीतील एखादा विषय सोबत आहे आणि तो गुणपत्रिकेवर स्पष्ट दिसेल, याची खात्री करून घ्यावी.

ज्यांचा निश्चय पक्का आहे, त्यांच्यासाठी दापोलीचे वनशास्त्र महाविद्यालय हा महाराष्ट्रातील सरळ मार्ग. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाचे हे महाविद्यालय. पदवी चार वर्षांची. रोपवाटिकेपासून लाकूडशास्त्रापर्यंत सारे शिकवले जाते, आणि चिखलात उभे राहून शिकावे लागते. सतराव्या वर्षीच हे ठरलेले असेल तर उत्तमच. बहुतेकांचे तसे ठरलेले नसते.

अशा विद्यार्थ्यांसाठी कोल्हापूर सोडण्याची घाई करण्याचे कारण नाही. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र यांची पदवी घेता येते. पदव्युत्तर अभ्यासासाठी विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. सह्याद्रीतील दुर्मिळ कंदीलपुष्पांच्या शोधासाठी आणि जतनासाठी देशभर ओळखले जाणारे डॉ. एस. आर. यादव हे याच विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातले, ही गोष्ट आपल्याच शहरात फारशी सांगितली जात नाही. शिवाय प्रयोगशाळा म्हणून राधानगरी आहेच. गव्यांसाठी १९५८ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे. देहरादूनचा विद्यार्थी जे पाहण्यासाठी प्रवास करतो, ते येथे एस. टी.च्या अंतरावर आहे.

देहरादूनला जावे ते पदवीनंतर. १९८२ मध्ये स्थापन झालेली भारतीय वन्यजीव संस्था आणि १९०६ पासूनची वन संशोधन संस्था या दोन्ही तेथेच आहेत. पहिलीत जागा मोजक्या आणि स्पर्धा तीव्र. पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था आहे. वाणिज्य शाखेच्या मुलांनीही निराश होऊ नये. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेत कोणत्याही शाखेचा पदवीधर प्रवेश परीक्षा देऊन जाऊ शकतो. हिशेबाची सवय असलेल्या घरातील मुलाला हा रस्ता शोभणारा आहे, पण आपल्याकडे तो जवळजवळ कोणालाच ठाऊक नाही.

‘पुढे काय?’ याचे उत्तर केवळ सरकारी नोकरी असेही नाही. इचलकरंजीतील कापडाचे प्रक्रिया उद्योग, साखर कारखाने, फौंड्री या सर्वांना सांडपाणी, धूर आणि परवानग्या यांचा हिशेब द्यावा लागतो. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पाण्याने ५५ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा पेठांतील गोदामांत मालाचे काय झाले हे व्यापाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. नदी, पूररेषा आणि जमीन समजणारे माणूस घरात असणे हीदेखील व्यवसायाची गरज झाली आहे. मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांना तर पर्यावरणविषयक अहवाल देणे सेबीने बंधनकारकच केले आहे.

निवड करताना इमारत कमी आणि वेळापत्रक अधिक पाहावे. वर्षाकाठी किती दिवस जंगलात किंवा नदीकाठी जातात? सोबत कोण असते? मुलींची राहण्याची सोय काय? गेल्या तीन वर्षांतील विद्यार्थी आज कोठे आहेत? शेवटच्या प्रश्नावर कार्यालय गुळमुळीत उत्तर देत असेल, तर माजी विद्यार्थ्यांशी बोलावे. तासाभराच्या गप्पांत माहितीपत्रकापेक्षा जास्त कळते. शैक्षणिक कर्ज घ्यायचे असेल, तर संस्थेची आणि अभ्यासक्रमाची मान्यता बँकेत आधी तपासून घ्यावी. जुन्या करप्रणालीत या कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते.

उरला जेवणाचा प्रश्न. क्षेत्रीय शिबिरांत स्वयंपाक सामायिक असतो, आणि दिवसभराची पायपीट संपवून परतायला अंधार पडतो. चौविहार पाळणाऱ्या विद्यार्थ्याने विभागप्रमुखांना आधी सांगितले, तर सायंकाळचा डबा सोबत नेण्याची व्यवस्था ठरवता येते. हे बोलणे पालकांनी नव्हे, विद्यार्थ्याने स्वतः करावे, प्रवेशाचा अर्ज देण्यापूर्वी.