शाल-श्रीफळ राहू द्या, आधी पाणीपट्टी भरा

पावसाळा तोंडावर आला की ग्रामपंचायतीत पत्रं येऊन पडतात. टाकी धुवा, गळती काढा, टीसीएल टाका. पत्र सरपंच-ग्रामसेवकाच्या नावानं येतं, काम मात्र करतो गावचा पाणी सोडणारा माणूस. कुणी त्याला वॉलमन म्हणतं, कुणी नुसतं शिपाई.

त्याचं काम म्हणजे नुसता वॉल फिरवणं नव्हे. लाईट रात्री दोनला आली तर दोनला उठून मोटर चालू करायची. 1000 लिटर पाण्याला 5 ग्रॅम चांगली टीसीएल, म्हणजे 50 हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. ती बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत सोडायचं आणि तासभर थांबून मगच वॉल उघडायचा. यात हयगय झाली तर जुलाब, कावीळ घरोघरी. पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याची तपासणी होऊन गावाला लाल, पिवळं नाहीतर हिरवं कार्ड मिळतं. हिरव्या कार्डाचा फोटो गावच्या ग्रुपवर फिरतो. त्या फोटोत हा माणूस नसतो.

आता त्याच्या पगाराचं बघा. ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांना किमान वेतन लागू आहे. पण आकृतिबंधात बसणाऱ्यांनाच सरकारचा वाटा मिळतो. बाकीच्यांचा पगार ग्रामपंचायतीच्या तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या घरपट्टी-पाणीपट्टीतून. त्यात 2020 च्या शासन निर्णयानं सरकारी वाटाही करवसुलीशी जोडला. ही अट काढा म्हणून कर्मचारी संघटना आंदोलनं करत आल्या, आणि त्यांचं म्हणणं चूक नाही. पट्टी थकवायची गावानं आणि पगार कापायचा पाणी सोडणाऱ्याचा, हा कुठला न्याय?

पैसे नाहीत म्हणून पट्टी थकते, हे सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही. थकबाकीदाराला ग्रामपंचायत निवडणूक लढवता येत नाही. म्हणून अर्ज भरायची वेळ आली की बड्या घरांची थकबाकी एका दिवसात भरली जाते. म्हणजे पैसे होते, गरज वाटत नव्हती.

15 ऑगस्टला अशा कर्मचाऱ्याला शाल-श्रीफळ देतात. चांगलंय. पण एक दिवस पाणी उशिरा आलं की त्याच माणसाला भर चौकात अरे-तुरे होतं. तो उलटून बोलत नाही, पाना उचलतो आणि गळती काढायला जातो. त्याचा मान तो स्वतःच्या कामानं राखतो. आपण त्याचा हिशोब तरी राखावा.

येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. पगार कोणत्या महिन्यापर्यंत झालाय? भविष्य निर्वाह निधी खात्यावर जमा होतो का? टीसीएल हाताळायला हातमोजे, मास्क दिलेत का? उत्तरं प्रोसिडिंगला लिहून घ्या. आणि हे विचारायच्या आधी आपली पाणीपट्टीची पावती खिशात असू द्या.