बिघाड आधी जमिनीवर घडू द्या

इस्रोच्या गगनयानातून आपली माणसं अंतराळात कधी जाणार, हे मला वाचक सारखं विचारतात. विचारण्यात थोडी नाराजीही असते. मला मात्र हा उशीर खटकत नाही.

3 नोव्हेंबर 2025 ला झाशीजवळच्या बबिना इथे गगनयानाच्या पॅराशूटच्या चाचणीसाठी हवाई दलाच्या आयएल-76 विमानातून, यानाच्या जागी तेवढंच वजन बांधून, ते अडीच किलोमीटर उंचीवरून खाली सोडलं. मुख्य पॅराशूट एकदम पूर्ण उघडलं तर त्या हिसक्याने कापड फाटू शकतं. म्हणून त्याच्या घेरात दोरी ओवून तोंड आवळून ठेवतात, नाडी ओढलेल्या बटव्यासारखं. वेग उतरला की स्फोटक दारूवर चालणारं बोटभर कटर दोरी तोडतं आणि छत्री पूर्ण फुलते. बबिनात दोन छत्र्यांच्या दोऱ्या मुद्दाम मागेपुढे तोडल्या. आधी फुललेल्या छत्रीवर जास्तीचा भार येतो. तो तिला पेलतो का, ते पाहायचं होतं. त्याआधी नोव्हेंबर 2022 मध्ये, तीनपैकी एक मुख्य छत्री उघडलीच नाही असं धरून तिथेच चाचणी झाली होती.

यानात एकूण दहा पॅराशूट आहेत: झाकण काढणारी दोन, यान स्थिर करून वेग कमी करणारी दोन, मुख्य छत्र्यांना बाहेर ओढणारी तीन आणि मुख्य तीन. मुख्य तीनपैकी दोन उघडली तरी माणसं सुखरूप उतरतात. ही तिसरी छत्री चैन नव्हे. ऑगस्ट 1971 मध्ये अमेरिकेचं अपोलो-15 यान परतताना तीनपैकी एक छत्री मिटली आणि तिघेही अंतराळवीर उरलेल्या दोन छत्र्यांवर समुद्रात उतरले.

सोव्हिएत सोयूझ-1 यानाचं तसं झालं नाही. त्याआधीची एकही मानवरहित चाचणी निर्दोष पार पडली नव्हती, तरी एप्रिल 1967 मध्ये अंतराळवीर व्लादिमीर कोमारोव्ह यांना त्यातून पाठवलं. मुख्य पॅराशूट पेटीतून निघालंच नाही, राखीव गुंतलं, आणि कोमारोव्ह गेले. ती घाई अक्षम्य होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून इस्रोकडे उड्डाणाची तारीख मागण्याआधी आपण दुसरं काही मागायला हवं. पॅराशूटमधले कोणते बिघाड तपासून झाले, कोणते राहिलेत, याची यादी लोकांसमोर ठेवावी. चाचणी फसली तर तेही त्याच दिवशी सांगावं. त्या यादीत एकही ओळ बाकी असेल, तर उड्डाण खुशाल आणखी वर्षभर पुढे जाऊ दे.