एचबीने काळोख उमटत नाही

‘माझ्या हातात कलाच नाही’ असे म्हणून आपल्यापैकी पुष्कळजण चित्रकलेतून कायमचे मोकळे होतात. मला हे मान्य नाही.

ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी कॉलेजात आले, त्या घरात पेन्सिल म्हणजे एचबी, लिहिण्यासाठी आणलेली. ती घेऊन चांदबिबीचा महाल (खरे तर ती सलाबतखानाची कबर) काढायला बसा. उन्हातला दगड साधतो, कमानींच्या आतला काळोख मात्र येत नाही. मग आपण पेन्सिल दाबतो. कागद चकाकतो, खरवडतो, पण काळा होत नाही.

हा दोष हाताचा नव्हे, शिशाचा. शिसे म्हणजे ग्रॅफाइट आणि माती यांचे भाजलेले मिश्रण. फ्रान्समध्ये कोंते याने १७९५ साली ही रीत काढली. माती जास्त तर पेन्सिल कडक व फिकी, म्हणजे ‘एच’. ग्रॅफाइट जास्त तर मऊ व काळी, म्हणजे ‘बी’. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसणाऱ्यांना हे कळते. न बसणाऱ्यांना कोण सांगणार?

म्हणून बारा पेन्सिलींचा महागडा डबा घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एचबी घरात आहेच. एक २बी, एक ६बी सुटी घ्यावी. रंगांत मेणाच्या खडूंपेक्षा तेलखडू बरे. मेणाचे एकमेकांत फारसे मिसळत नाहीत, तेलखडू बोटाने मिसळतात. नगरच्या उन्हात ते मऊ पडतात, तेवढे सांभाळावे.

आपल्या ग्रंथालयाने पुस्तकांसोबत डझनभर ६बी पेन्सिलीही द्यायला काय हरकत आहे?