ताटावरून माणूस ओळखू नये

लेकरू परदेशी शिकायला निघालं की मुखेडच्या घरात माय पहिला प्रश्न विचारते, "तिथं भाकर भेटंल का रं?" प्रश्न साधा वाटतो, पण तो मायेचा आहे आणि मोलाचाही आहे. डॉ. बाबासाहेब 1920 साली दुसऱ्यांदा लंडनला शिकायला गेले, तेव्हा रात्री अभ्यास करताना भूक लागली की पापड भाजून खात. आज राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीमुळे आणि नोकरीच्या निमित्तानं आपली मुलं-मुली दूरदूरच्या देशांत पोचू लागली आहेत. म्हणून या खेपेला एका देशाच्या ताटाची ओळख करून घेऊ. तो देश म्हणजे स्पेन.

स्पेन म्हटलं की फुटबॉल आठवतो, बैलांशी होणारी झुंज आठवते. पण हा देश आपल्या चुलीपर्यंत कधीचाच आलेला आहे. 1492 साली कोलंबस स्पेनच्या राणीच्या पाठबळावर निघाला आणि अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला. मिरची, टमाटे, बटाटे, मका, भुईमूग ही सारी मुळात अमेरिकेची पिकं. त्या सफरीनंतर ती जगभर पसरली. आपल्याकडे मिरची आणली ती पोर्तुगीजांच्या जहाजांनी. म्हणजे मिरची आणि शेंगदाण्याचा जो ठेचा आपण वाडवडिलांपासूनचा समजतो, त्यातली मिरचीही परदेशी आणि शेंगदाणाही परदेशी! "आमचं अन्न शुद्ध, तुमचं अशुद्ध" म्हणणाऱ्यांनी एवढं जरी ध्यानात घेतलं तरी पुरे.

स्पेनच्या दक्षिणेला आंदालुसिया नावाचा प्रांत आहे. तिथं मोठमोठे जमीनदार आणि त्यांच्या शेतात राबणारे बिनजमिनीचे मजूर, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. पहाटे गावच्या चौकात उभं राहायचं आणि मुकादम ज्याला बोलावील त्यानं कामाला जायचं. मुखेड-कंधारच्या माळावरून कामासाठी गाव सोडणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. त्या मजुरांचं शेतातलं जेवण म्हणजे गास्पाचो. शिळा पाव, लसूण, मीठ, ऑलिव्हचं तेल आणि शिरका एकत्र कुटायचा आणि पाणी घालून प्यायचा. टमाटा त्यात पुढे आला. आपल्या ज्वारीच्या आंबिलीसारखंच ते उन्हातलं पोटाला थंडावा देणारं खाणं. मेंढपाळांचं जेवण म्हणजे मिगास. शिळ्या पावाचा चुरा तेलात लसणाबरोबर परतायचा, की झालं. आपल्या घरी सकाळी शिळ्या भाकरीचा फोडणीचा कुस्करा होतो, त्याचाच हा भाऊ. आज हे दोन्ही पदार्थ तिथल्या चांगल्या हॉटेलांत मानानं वाढले जातात.

पाएया या स्पेनच्या प्रसिद्ध भाताचीही कुळकथा अशीच आहे. वालेन्सिया भागातल्या भातशेतीत राबणारे लोक दुपारी पसरट तव्यासारख्या भांड्यात, लाकडाच्या जाळावर भात शिजवत. त्यात शेतातल्या शेंगा, सशाचं किंवा कोंबडीचं मांस, कधी गोगलगाई, असं हाताला लागेल ते पडे. मग सगळे भांड्याभोवती बसून त्याच भांड्यातून चमच्यानं खात. तळाशी लागलेल्या खरवडीला तिथं 'सोकार्रात' म्हणतात. आपल्या लेकरांसारखीच तिथली माणसंही त्या खरवडीसाठी भांडतात. हा तांदूळ स्पेनमध्ये आणला अरबांनी.

पिण्याचं म्हणाल तर तिथं जेवणाबरोबर द्राक्षाची दारू सर्रास असते. पंचशील पाळणाऱ्यानं त्याची धास्ती घेऊ नये. 'मोस्तो' नावाचा न आंबवलेला द्राक्षाचा रस मिळतो. वालेन्सियाकडचं 'ओर्चाता' तर अगदी चाखण्यासारखं. लव्हाळ्याच्या कुळातल्या एका गवताचे गड्डे भिजवून, वाटून, गाळून त्यात साखर घालतात आणि ते दुधासारखं पेय थंड पितात. शेतात लव्हाळा उपटून कंबर मोडलेल्या आपल्या आयाबहिणींना हे ऐकून नवल वाटेल.

पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो 'बोतिखो'. हा मातीचा पाझरणारा मडका, आपल्या माठासारखाच पाणी गार करणारा. त्याला एक तोंड भरण्यासाठी आणि एक बारीक चोच पिण्यासाठी असते. मडका वर उचलायचा आणि चोचीतली धार तोंडात घ्यायची, ओठ लावायचा नाही. का? तर एकाच मडक्यातून शेतातल्या सगळ्यांना पिता यावं म्हणून! वरून पाण्याची धार आपल्या आज्या-पणज्यांनीही ओंजळीत झेलली. पण ती धार माणसाला मडक्यापासून दूर ठेवण्यासाठी होती. त्याच पाण्यासाठी 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जावं लागलं. धार तीच, पण एकीकडे ती माणसं जोडते आणि दुसरीकडे तोडते. दोष पाण्याचा नाही आणि मडक्याचाही नाही.

स्पेनचाही इतिहास यात स्वच्छ नाही. 1478 साली तिथं धर्मन्यायालय सुरू झालं आणि 1492 साली यहुद्यांना देश सोडायला लावलं. जे बळजबरीनं ख्रिस्ती झाले, त्यांच्या चुलीवर पाळत असे. कोण डुकराचं मांस टाळतो, कोण चरबीऐवजी तेलात रांधतो, याच्या साक्षी शेजारीपाजारी आणि घरचे नोकर देत. अशा साक्षींवरून माणसांना तुरुंगात टाकलं गेलं. ताटावरून माणूस ओळखण्याचा रोग फक्त आपल्याच देशात आहे असं नाही.

त्याच स्पेनच्या राजधानीत, माद्रिदमध्ये, आज 'काय्योस' हा शहराचा मानाचा पदार्थ आहे. काय्योस म्हणजे वजडी! बुर्गोस गावची रक्त आणि तांदूळ भरलेली 'मोर्सिया' देशभर नावाजलेली आहे. आपल्याकडे वजडी आणि रक्तीचं नाव चारचौघांत काढायला आपलीच मुलं लाजतात. मराठवाड्यातल्या आपल्या या सगळ्या पदार्थांची नोंद शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात 2015 साली केली. ते घरी असावं. बाबासाहेबांनी महाडला मृत मांस आणि मागून आणलेले तुकडे सोडायला सांगितलं, ते लाचारी सुटावी म्हणून. कष्टाच्या पैशानं आणून स्वतःच्या चुलीवर रांधलेल्या अन्नाची लाज धरायला त्यांनी सांगितलं नाही.

लातूर-नांदेडला शिकवणीसाठी खोली भाड्यानं पाहायला गेलं की "तुम्ही काय खाता?" असा प्रश्न अजून कानावर येतो. त्यामागचा खरा प्रश्न कोणता, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून लेकरांना दोन गोष्टी शिकवून पाठवा. परक्या ताटाला नाक मुरडायचं नाही आणि आपल्या ताटासाठी मान खाली घालायची नाही. डब्यात काय आहे असं कुणी विचारलं, तर पदार्थाचं नाव स्पष्ट सांगायचं आणि विचारणाऱ्याला सोबत जेवायला बसवायचं.