निरोपाचे हार आणि गळालेलीं नांवें

संक्रांत सरली कीं निलंगा तालुक्यांतील शाळाशाळांतून दहावीच्या वर्गास निरोप देण्याचे समारंभ सुरू होतात. पटांगणांत मांडव पडतो, सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार चढतो, पाहुण्यांस शाल-नारळ मिळतो आणि मुलें एकेक करून बोलावयास उठतात. पांचवींत आपण कसे बिचकत आलों, सहलीच्या एस.टी.मध्यें कोणाची फजिती झाली, स्नेहसंमेलनांत ऐन पोवाड्यांत कोणाचा फेटा सुटला, हें सांगतां सांगतां हंसणाऱ्यांचेच डोळे भरून येतात. ज्यांनीं पांच-सहा वर्षें एका बांकावर बसून डबा वांटून खाल्ला, त्यांचें दुःख खोटें नव्हे. अशा समारंभांस नाक मुरडणारे शहाणे पुष्कळ आहेत. त्यांतले आम्ही नव्हे. कुणब्याचें, धनगराचें, मातंगाचें, बौद्धाचें, लिंगायताचें, मुसलमानाचें पोर चारचौघांपुढें उभें राहून आपल्या शाळेविषयीं चार शब्द बोलतें, हें पाहण्यासाठींच आमच्या वडील पिढीनें हाडांचीं काडें केलीं.

परंतु आमचें एक मागणें आहे. हार घालण्यापूर्वीं हजेरीपट काढा. पांच वर्षांपूर्वींचा पांचवीचा पट आणि आजचा दहावीचा पट शेजारीं शेजारीं ठेवा आणि बोट ठेवून एकेक नांव जुळवा. जीं जुळत नाहींत तीं कोठें गेलीं? कांहीं दाखला घेऊन दुसऱ्या शाळेंत गेलीं असतील, त्यांस सोडा. उरलेलीं कोठें आहेत? कोणी आईबापांबरोबर ऊसतोडीच्या फडावर गेला तो पुन्हां वर्गांत बसलाच नाहीं. कोणी गॅरेजांत नट आवळतो, कोणी पुण्यास बांधकामावर विटा वाहतो. कोणी मुलगी सासरच्या चुलीपुढें भाकरी थापते. निरोपाच्या भाषणांत यांचें नांव कोणी घेत नाहीं. ग्रूप फोटोंत तीं नाहींत, म्हणून जणूं तीं वर्गांत कधीं नव्हतींच!

दहावीचा वर्ग ही आयती मिळालेली वस्तु नाहीं, हें विसरतां कामा नये. रयतेच्या घामाचा पैसा वरिष्ठ वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेचीं पोरें अक्षरावांचून राहतात, असें गाऱ्हाणें जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मांडलें. शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं कोल्हापुरांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. पण तें वारें आमच्या मुलखांत पोंचावयास फार काळ लागला. निलंगा तेव्हां निजामाच्या राज्यांतील बीदर जिल्ह्यांत होता. १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाची भाषा उर्दू. वरचें शिक्षण घ्यावयाचें तर मराठी पोरास मायबोली उंबऱ्याबाहेर ठेवूनच आंत जावें लागे. उर्दूचा आम्हांस द्वेष नाहीं. ती याच मातींत वाढलेली गोड भाषा आहे. पण ज्या घरांत कोणींच पाटी पाहिलेली नाहीं, तेथील पोरावर परक्या भाषेचें ओझें टाकणें म्हणजे त्यास दारांतूनच परत पाठविणें होय. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची सत्ता संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं अहमदपूर, उदगीर व निलंगा हे तीन तालुके बीदरमधून निघून मराठी मुलखास मिळाले. १९५८ सालीं औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघालें आणि १९८२ सालीं लातूर जिल्हा झाला. आज निलंग्यांत स्वतःचें महाविद्यालय आहे, औषधनिर्माण शिकविणारें कॉलेजही आहे. इतकें झाल्यावर पट जुळत नसेल, तर तो दोष निजामाच्या माथीं मारून आपणांस मोकळें होतां येणार नाहीं.

गळती कोठें लागते तें पाहा. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या मुलामुलींस मोफत शिक्षणाचा हक्क दिला. हा हक्क आठवीशीं संपतो. शाळेंतील दुपारची खिचडी आठवीपर्यंत, सरकारी मोफत पुस्तकें आठवीपर्यंत, आणि पुष्कळ गांवांतील जिल्हा परिषदेची शाळा तर त्याच्याही अलीकडे थांबते. मग मूल नववींत गेलें कीं पुस्तकाचा खर्च, जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी हीं तिन्ही एकदम बापाच्या अंगावर येतात. सोयाबीनला भाव नाहीं, तूर पावसानें झोडपली, अशा वर्षीं तो काय करील? तो पोरास फडावर नेईल, नाहीं तर पोरीस उजवून मोकळा होईल. त्यास अडाणी म्हणून शिव्या देणें सोपें आहे. आठवीपुढचा पूल बांधणें अवघड आहे.

त्यांत २०२० सालच्या महामारीनें भर घातली. जीं मुलें त्या वर्षीं पांचवींत गेलीं, त्यांचें तें वर्ष बहुतेक घरांतच गेलें. शाळा मोबाईलवर भरली. ज्याच्या घरीं मोबाईल तो हजर, ज्याच्या घरीं नाहीं तो गैरहजर. तीं मुलें न थांबतां वर चढलीं तर २०२५-२६ सालीं दहावीच्या बांकावर येतात. पांचवीचा वर्ग ज्यांनीं धड पाहिला नाहीं, त्यांच्या भागाकारांतली कच्ची वीट दहावीच्या बीजगणितांत हालली, तर त्यांस ‘ढ’ म्हणण्याचा अधिकार कोणास आहे?

मुलींची कथा याहून कठीण. ग्रामीण मुलींस शाळेसाठीं एस.टी.चा पास फुकट आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण गाडी वेळेवर नाहीं आणि फाट्यापासून गांवापर्यंतची वाट एकटीची, मग पासाचा कागद घेऊन काय करावयाचें? २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारे २२ जणींचें लग्न अठरा वर्षांच्या आंत झालेलें होतें. म्हणजे कायदा आहे, पोलीस आहेत, ग्रामसेवक आहे आणि तरीही मांडव पडतोच! त्या मांडवांत जेवावयास कोण बसतें? त्याच शाळेचे माजी विद्यार्थी, त्याच गांवचे सदस्य, आणि कधीं कधीं तिचे गुरुजीही.

आतां जीं मुलें दहावी पार करतात त्यांच्याकडे वळूं. निकालाच्या दिवशीं वर्गाच्या तीन वाटा होतात. एक लातूरकडे जाते. राजर्षी शाहूंच्या नांवाच्या कॉलेजांतून लातूर पॅटर्नचा डंका साऱ्या महाराष्ट्रांत वाजला, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु त्याच्याभोंवतीं खाजगी क्लासांचा जो बाजार भरला, त्यांत शेत गहाण टाकून जाणारे बाप आम्हीं पाहिले आहेत. दुसरी वाट गांवच्याच कॉलेजाची आणि तिसरी थेट मजुरीची. पूर्वीं विद्येच्या दारावर जातीचा पहारा होता, आतां फीचा आहे. आणि खेदाची गोष्ट ही कीं, या नव्या देवडीवर बसलेले पुष्कळसे भालदार-चोपदार आमच्याच बहुजन समाजांतले आहेत. ज्यास शिडी मिळाली त्यानेंच ती वर ओढून घ्यावी, याला काय म्हणावें?

याहूनही मोठी काळजी बांकावरच्या मैत्रीची आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें एकच बोर्डिंग काढलें, तें एका ताटाच्या पंगतींत बसलेलीं मुलें पुढें एकमेकांस परकीं मानणार नाहींत या भरंवशावर. आमच्या मराठवाड्यांत काय घडलें? जुलै १९७८ मध्यें विधिमंडळानें विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव केला आणि गांवोगांव दलितांचीं घरें जळालीं. त्या नामांतरविरोधांत कॉलेजचीं पोरें होतीं. निरक्षरांनींच तें केलें असें म्हणून कोणास हात झटकतां येत नाहींत. नामांतर व्हावयास १९९४ साल उजाडलें. तेव्हां निरोपसमारंभांत ‘आम्ही सारे भावंडें’ म्हणणाऱ्या मुलांस आम्ही हा इतिहास मुद्दाम सांगतों. मांडवांतल्या अश्रूंची परीक्षा मांडवांत होत नाहीं. उद्यां गांवांत जयंतीच्या मिरवणुकीवरून, विहिरीवरून, स्मशानाच्या जागेवरून तंटा उठेल, त्या दिवशीं तुम्ही आपल्या बांकावरच्या सोबत्याच्या बाजूनें उभे राहतां कीं आपल्या आळीच्या, यावर ती मैत्री खरी कीं खोटी तें ठरेल.

कोणी म्हणेल, आनंदाच्या दिवशीं हें रडगाणें कशाला? आम्ही विचारतों, ज्या घरांतलीं चार माणसें हरवलीं, तेथें पंगत बसतांना त्यांची आठवण काढणें हें रडगाणें कीं माणुसकी? आमच्या सूचना खर्चाच्या नाहींत. निरोपाच्या दिवशीं पांचवीच्या पटांतील सर्व नांवें मोठ्यानें वाचावीं आणि मधेंच सुटलेल्यांस त्या दिवशीं बोलावून आणावें. त्यांचीही ती शाळा आहे. शाळा सुटलेल्यास सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीस बसतां येतें. हें पुष्कळांस ठाऊकच नसतें. वर्गसोबत्यांनीं घरीं जाऊन सांगावें. नापास झालेल्यास निकालानंतर लवकरच पुरवणी परीक्षा आहे, आणि एक-दोन विषय राहिले तरी अकरावीस तात्पुरता प्रवेश मिळतो. मग निकालाच्या दिवशीं तोंड लपवून पुण्याची गाडी धरण्याचें कारण नाहीं. पास झालेल्यांनीं आपलीं पुस्तकें रद्दींत न घालतां नववी-दहावीच्या गरीब मुलांसाठीं शाळेंत ठेवावीं. वर्गांतील एखाद्या मुलीचें लग्न अल्पवयांत ठरलें, तर साऱ्या वर्गानें मिळून तिच्या बापाकडे जावें. एकट्या मुलीचें ‘नाहीं’ ऐकलें जात नसेल, पण चाळीस मुलांचें ऐकावें लागेल.

आणि पंचवीस वर्षांनीं जे स्नेहमेळावे भरवितात, त्या थोरल्या बॅचवाल्यांसही सांगणें आहे. पंगतीचा खर्च थोडा आवरा आणि शाळेंतील दोन मुलींचा दहावीपर्यंतचा भार उचला. निमंत्रणें काढतांना हुद्देवाल्यांच्या यादीपाशीं थांबूं नका. हमालीवर आणि शेतमजुरीवर गेलेल्या सोबत्याच्या घरीं स्वतः जा. एकाच पटावर ज्यांचीं नांवें लागलीं ते सारे वर्गबंधु होत, मग कोणाच्या हातीं लेखणी असो कीं कोयता.