यंदा नाही, पण पुढच्या वर्षी नक्की!
खास प्रतिनिधी

थळ (ता. अलिबाग) : मे-जून उजाडला की थळच्या बाजारपेठेपासून वायशेतपर्यंत घरोघरी एकच विषय असतो. दहावीनंतर अकरावी विज्ञान घ्यायचे की तंत्रनिकेतनात पदविकेला जायचे? राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खत प्रकल्प १९८५ मध्ये येथे सुरू झाला. तेव्हापासून या किनाऱ्यावरील मुलांना कारखाना आणि अभियंता हे दोन्ही शब्द परके राहिलेले नाहीत. मात्र अभियंता होण्याचा रस्ता कोणत्या दाराने जातो, याविषयीचा गोंधळ आजही तितकाच आहे.

हाच प्रश्न सातासमुद्रापार निराळ्या रूपात भेटतो. अमेरिकेत मुलांना शिकवणाऱ्या मराठी कुटुंबांच्या हाती वसंत ऋतूत विद्यापीठांचे निकाल पडतात. त्यात होकार, नकार आणि प्रतीक्षा यादी यांखेरीज चौथ्या प्रकारचे एक पत्र असते. 'पहिल्या वर्षाला प्रवेश देता येत नाही. परंतु वर्षभर अन्यत्र शिकून ठरलेले विषय ठरलेल्या श्रेणीत उत्तीर्ण झाल्यास दुसऱ्या वर्षी तुमची जागा निश्चित,' असा त्याचा आशय. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठ काही अर्जदारांना असा पर्याय देते. पत्र हाती पडलेल्या घरात आनंद मानावा की दुःख, हेच कळेनासे होते.

महाराष्ट्राला हा प्रकार वाटतो तितका नवा नाही. पदविका पूर्ण करून पदवी अभियांत्रिकीच्या थेट द्वितीय वर्षात प्रवेश घेण्याची पद्धत आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. फरक आहे तो हमीच्या स्वरूपात, आणि पालकांची फसगत नेमकी तेथेच होते.

सहा वर्षांचे गणित

आधी हिशेब पाहू. अकरावी-बारावीची दोन वर्षे आणि पदवीची चार, म्हणजे सहा वर्षे. पदविकेची तीन आणि थेट द्वितीय वर्षापासून पदवीची तीन, म्हणजेही सहाच. 'डिप्लोमा केला की वर्ष वाया जाते' ही समजूत त्यामुळे निराधार आहे. बारावीच्या वाटेवर एमएचटी-सीईटी द्यावी लागते. थेट द्वितीय वर्षासाठी ती परीक्षा नसते. पदविकेच्या गुणांवर राज्याची गुणवत्ता यादी लागते. खुल्या गटासाठी किमान ४५ टक्के आणि राखीव गटासाठी ४० टक्के गुण ही पात्रतेची अट आहे.

शासकीय तंत्रनिकेतनाचे शुल्क खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या तुलनेत बरेच कमी असते. पेणच्या शासकीय तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या मुलाला मुंबई-पुण्याच्या खोलीभाड्याचा आणि शिकवणी वर्गांचा बोजा लगेच उचलावा लागत नाही. शिवाय पुढे पदवी झाली नाही तरी हातात पदविका राहते. बारावी विज्ञानानंतर सीईटीत घसरलेल्या मुलाच्या हातात अशी कोणतीही विद्या नसते. मासेमारी किंवा बागायतीवर गुजराण करणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

ही वाट दुय्यम संस्थांकडेच जाते, असेही नाही. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये आणि पुण्याच्या सीओईपीमध्येही थेट द्वितीय वर्षाचे प्रवेश होतात. बारावीनंतर जी संस्था हुकली असती, ती तीन वर्षांच्या नेटाच्या अभ्यासाने मिळू शकते. मात्र आयआयटीच्या नियमित बी.टेक. अभ्यासक्रमाला हे दार नाही, हेही पालकांनी ध्यानात ठेवले पाहिजे.

हमी दाराची, जागेची नव्हे

आता मूळ मुद्दा. अमेरिकी पत्रात एक विशिष्ट विद्यापीठ एका विशिष्ट विद्यार्थ्याला सशर्त शब्द देते. कॅलिफोर्नियात तर ही व्यवस्थाच आहे. तेथील १९६०च्या शैक्षणिक आराखड्याने सामुदायिक महाविद्यालयांतून विद्यापीठाकडे जाणारा रस्ता आखून दिला. आज कॅलिफोर्निया विद्यापीठाची डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ ही सहा केंद्रे अटी पूर्ण करणाऱ्यास प्रवेशाची लेखी हमी देतात. बर्कली, लॉस एंजलिस आणि सॅन दिएगो या केंद्रांनी मात्र ती दिलेली नाही. कोणत्या महाविद्यालयातील कोणता विषय कोठे ग्राह्य धरला जाईल, याची जंत्री सर्वांसाठी खुली असते.

आपल्याकडे शासन दार उघडे ठेवते. आत कोणती खुर्ची मिळेल, ते त्या वर्षीची गुणवत्ता यादी ठरवते. रायगडातच याचे बोलके उदाहरण आहे. माणगाव तालुक्यातील लोणेरे येथे १९८९च्या कायद्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ उभे राहिले. त्याच आवारात पेट्रोरसायन अभियांत्रिकीची पदविका देणारी संस्था आहे. पदविका आणि पदवी यांच्यात एका आवाराचे अंतर. पण पलीकडे जायचे तर राज्याच्या रांगेतूनच जावे लागते.

रांग न्याय्य आहे, यात वाद नाही. पण रांग म्हणजे हमी नव्हे. 'डिप्लोमा केला की इंजिनिअरिंगला सीट पक्की' असे सांगितले जाते, तेव्हा कोणत्या शाखेला, कोणत्या महाविद्यालयात आणि किती शुल्कात, हे तीन प्रश्न विचारलेच जात नाहीत.

फायदा कोणाचा?

या व्यवस्थेत संस्थांचाही स्वार्थ आहे, हे मान्य करावे लागेल. थेट द्वितीय वर्षासाठी मंजूर क्षमतेखेरीज काही वाढीव जागा असतात. त्याबरोबर पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या जागाही भरता येतात. मागील दशकात राज्यातील अनेक महाविद्यालयांत अभियांत्रिकीच्या जागा ओस पडल्या, तेव्हा पदविकाधारकांनी ती पोकळी काही प्रमाणात भरून काढली. अमेरिकेतही पहिल्या वर्षाच्या प्रवेशाची टक्केवारी काढताना मागाहून येणारे विद्यार्थी हिशेबात नसतात. त्यामुळे संस्थेची 'दुर्मिळता' अबाधित राहते आणि गळतीने मोकळ्या झालेल्या बाकांची सोयही होते. संस्थेचा स्वार्थ आहे म्हणून विद्यार्थ्याचे हित नसतेच, असे नाही. मात्र दोहोंतला भेद ओळखता आला पाहिजे.

विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारी अडचण वेगळीच असते. थेट द्वितीय वर्षाच्या फेऱ्या लांबल्या की मुलगा वर्गात पोहोचतो तेव्हा सत्र सुरू होऊन गेलेले असते. मैत्री जुळलेली, प्रयोगशाळेतील गट ठरलेले. पदविकेत यंत्र हाताळण्याचा सराव झालेला असतो, पण पदवीचे गणित अंगावर येते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अशा विद्यार्थ्यांसाठी गणितादी विषयांचे पूरक वर्ग घ्यावेत असे सुचवले आहे. हे वर्ग कागदावर किती आणि फळ्यावर किती, यावर त्या मुलाचे पहिले वर्ष तरते किंवा बुडते.

परदेशी पत्र स्वीकारणाऱ्यांपुढे आणखी काही प्रश्न असतात. पहिले वर्ष ज्या संस्थेत काढायचे तेथील श्रेयांक पुढे पूर्ण धरले जातील का? आर्थिक साहाय्य नव्या ठिकाणी मिळेल का? भारतातून गेलेल्या विद्यार्थ्याला संस्था बदलताना व्हिसाची नोंद आणि आय-२० हे कागदपत्रही नव्या संस्थेकडे वळवून घ्यावे लागते. एक श्रेणी घसरली तर 'नक्की' हा शब्द किती टिकतो, हे पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात लिहिलेले असते. आणि नेमका तोच परिच्छेद वाचायचा राहतो.

पुढे काय?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविध प्रवेश आणि निर्गमनाचा पुरस्कार केला. २०२१ मध्ये श्रेयांकांच्या बँकेचे नियमही आले. पण बँकेत श्रेयांक जमा असणे म्हणजे दुसऱ्या संस्थेत जागा राखून ठेवलेली असणे नव्हे. ती दुवा जोडणारी कडी अजून घडायची आहे.

तिची सुरुवात रायगडात होऊ शकते. जिल्ह्यातील तंत्रनिकेतने आणि लोणेऱ्याचे विद्यापीठ यांनी, राज्याच्या प्रवेश नियमांत आवश्यक ती तरतूद करून घेऊन, ठरावीक जागांपुरता लेखी करार करावा. कोणत्या विषयांत किती गुण मिळवल्यास जागा निश्चित, हे पदविकेच्या पहिल्याच दिवशी फलकावर लागावे. पूरक गणिताचे वर्ग प्रवेशानंतर नव्हे, तर पदविकेच्या शेवटच्या सत्रातच व्हावेत.

मागच्या दाराने आलेला, असा शिक्का या मुलांवर मारला जातो. तो चुकीचा आहे. तीन वर्षे घाम गाळून आलेल्याला मागचे दार नसते. पण हे दार कोठे उघडते, हे सोळाव्या वर्षीच त्याला सांगण्याची जबाबदारी मोठ्यांची आहे. तोंडी दिलासा पुष्कळ मिळतो. थळच्या पालकांनी यंदा अर्ज भरताना हमी लेखी आहे का, एवढे तरी विचारून घ्यावे.