पाऊण इंचाचा हिशेब

अर्धवट माल विकून नाव कमावलेला व्यापारी विरळाच. इंग्लंडमध्ये मात्र हा व्यापार शंभरांहून अधिक वर्षे सचोटीने चालत आलेला आहे. थेम्स नदीकाठच्या हेन्ली गावाजवळ शिपलेक येथे स्टुअर्ट टर्नर यांच्या नावाची कंपनी १९०६ साली स्थापन झाली. तिच्या मालात वाफेच्या छोट्या इंजिनांचे ओतीव भाग होते : बिडाचे खडबडीत सिलिंडर, पाया, खांब, चाक, थोडे पितळ, थोडे पोलाद आणि सोबत आराखड्याचा कागद. इंजिन तयार करण्याचे काम गिऱ्हाइकाचे. ज्यांना इतके श्रम नकोत त्यांच्यासाठी मुख्य यंत्रकाम उरकलेला संचही पुढे मिळू लागला. तो अर्थातच महाग. तरीही जाणता हौशी कारागीर स्वस्त आणि ओबडधोबड संचच मागतो, आणि त्याची निवड योग्य आहे. ज्यासाठी पैसे द्यावेत ते सुख त्या खडबडीत भागांतच असते.

या मालातील ‘दहा नंबर’चे उभे इंजिन फार प्रसिद्ध आहे. त्याच्या सिलिंडरचे भोक पाऊण इंच, दट्ट्याची धाव पाऊण इंच, चाकाचा व्यास तीन इंच. सारे यंत्र तळहातावर मावते. ते घडवण्यासाठी घरामागच्या बागेतील एखादी लाकडी खोली आणि एक लहान लेथ पुरते. इंग्लंडमधील अशा कित्येक खोल्यांत नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टन येथे बनलेला ‘मायफोर्ड एमएल सेव्हन’ हा लेथ दिसे. तो १९४६ साली बाजारात आला. छंद मात्र त्याहून जुना. पर्सिव्हल मार्शल यांनी ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक १८९८ साली काढले आणि त्याच वर्षी लंडनमध्ये या हौशी मंडळींची संस्थाही उभी राहिली.

काम सुरू होते ते बिडाच्या सालीपासून. वाळूच्या साच्यात ओतलेल्या बिडाची वरची साल अतिशय कठीण असते आणि तिच्यात वाळूचे कण अडकलेले असतात. नवखा माणूस भीत भीत अगदी बारीक काप घेतो. हत्यार सालीवरच घासत राहते आणि त्याची धार जाते. पहिला काप सालीच्या खालून, धीटपणे घ्यावा लागतो. त्यानंतरचे बीड मवाळ असते. त्याचा कीस निघत नाही, काळी भुकटी पडते. तेलही लागत नाही. उलट ती भुकटी तेलात मिसळली की लेथच घासून काढणारा लगदा तयार होतो. म्हणून काम संपताच आधी झाडलोट होते, मग चहा.

सिलिंडर हा या सगळ्या खटाटोपाचा गाभा. लेथच्या चकात धरलेला जॉब एकदा सुटला की पुन्हा हुबेहूब त्याच जागी बसत नाही. हे ज्याला उमगले त्याने निम्मे काम जिंकले. भोक आणि सिलिंडरचे एक टोक एकाच पकडीत तासायचे, म्हणजे ती दोन्ही एकमेकांशी आपोआप काटकोनात येतात. दुसरे टोक मागाहून, भोकात घट्ट बसणाऱ्या दांड्यावर सिलिंडर चढवून साफ करता येते. भोक मोठे करणारे हत्यार बारीक असल्यामुळे किंचित वाकते. म्हणून शेवटी माप न वाढवताही ते दोन-तीनदा आतून फिरवतात आणि दर वेळी थोडी भुकटी निघतेच. हत्यार पुढे सरकवणाऱ्या स्क्रूच्या आट्यांत ढिलेपणा असतो, तोही सांभाळायचा. हँडल चुकून एक रेघ पुढे गेले म्हणून एक रेघ मागे घेतल्याने हत्यार मागे येत नाही. हँडल बरेच मागे न्यावे लागते आणि पुन्हा त्याच दिशेने मापावर यावे लागते.

आता प्रश्न मापाचा. आराखड्यात पाऊण इंच लिहिलेले आहे. भोक त्याहून दोन-तीन शतांश मिलिमीटर मोठे झाले तर काय बिघडते? काहीही नाही. भोक सरळ हवे, गोल हवे, दोन्ही तोंडांशी सारखे हवे. ते जेवढे झाले तेवढे झाले. दट्ट्या त्याच्या मापाने करायचा. अनेक नवशिके आकड्याच्या मागे लागतात. दट्ट्या एका दिवशी, सिलिंडर दुसऱ्या दिवशी, दोन्ही कागदाबरहुकूम. आणि जुळणीच्या वेळी दोन्ही भाग आकड्यांत खरे ठरूनही एकमेकांशी पटत नाहीत. बिघडलेला दट्ट्या तासाभरात पुन्हा करता येतो. बिघडलेल्या सिलिंडरसाठी नवा ओतीव भाग मागवावा लागतो. म्हणून महागाचे आधी, स्वस्ताचे त्याच्या मापाने.

दट्ट्या किंचित मोठा ठेवून त्याच्याच दांड्यावर आट्यांनी बसवतात आणि शेवटचा काप दांडा धरून घेतात. मग दोघांचा मध्य वेगळा होत नाही. इथे घाई करणाऱ्याला धातूची उष्णता फसवते. पाऊण इंचाचा पितळी दट्ट्या कापताना चाळीस अंशांनी तापला असेल, तर मोजताना तो सुमारे दीड शतांश मिलिमीटर जास्त भरतो. माप बरोबर आले म्हणून काम संपवावे, तर थंड झाल्यावर तो सैल पडतो. पक्का कारागीर मायक्रोमीटर खाली ठेवतो आणि थोडा वेळ दुसरे काही तरी करतो.

बारीक स्क्रूंचा मामला वेगळाच मनोरंजक आहे. सारा आराखडा इंचांत, पण ब्रिटिश असोसिएशनने १८८४ साली सुचवलेले हे ‘बीए’ आटे मुळात मिलिमीटरचे. शून्य नंबरचा व्यास सहा मिलिमीटर, आट्यांतील अंतर एक मिलिमीटर. पुढच्या प्रत्येक नंबराला ते अंतर आधीच्या नऊ दशांश. आठ नंबर म्हणजे जेमतेम २.२ मिलिमीटर. एवढ्या भोकात आटे पाडताना टॅप आतच तुटणे हे या छंदातील सर्वांत मोठे दुःख. कडक पोलादाचा तो तुकडा ड्रिलने निघत नाही. भाग पितळेचा असेल तर एक घरगुती उपाय आहे : तुरटीच्या कढत पाण्यात तो बराच वेळ ठेवायचा. तुरटी पोलाद खाते, पितळेला धक्का लावत नाही. बिडाला मात्र हा उपाय चालत नाही, कारण ती बिडालाही सोडणार नाही.

इंजिन लहान करता येते, निसर्ग लहान करता येत नाही. दहापट छोट्या सिलिंडरचे आकारमान हजारावा भाग होते, पण त्याची थंड होणारी पाठ शंभरावाच भाग राहते. साहजिकच वाफ आत शिरताच तिचे पाणी होऊ लागते. चिमुकली इंजिने खऱ्या कामाला निरुपयोगी, असा समज त्यामुळे बळावला होता. ‘एलबीएससी’ या नावाने लिहिणारे कर्ली लॉरेन्स यांनी तो खोडून काढला. ही आद्याक्षरे त्यांनी नोकरी केलेल्या रेल्वेची. अडीच इंची रुळांवर कोळशाने चालणाऱ्या इंजिनामागे माणसे बसवून त्यांनी ती ओढून दाखवली आणि १९२४ पासून ‘मॉडेल इंजिनिअर’मध्ये साध्या भाषेत, कोणता काप आधी आणि कोणता नंतर इथपर्यंत, वर्षानुवर्षे लिहिले. त्यांच्या लेखांवरून कितीतरी कारकुनांनी आणि दुकानदारांनी इंजिने बनवली.

तयार इंजिन प्रथम दाबलेल्या हवेवर फिरवतात. जुळणी बरोबर असेल तर अगदी थोड्या दाबाने चाक वळते. बॉयलरच्या बाबतीत मात्र चूक परवडत नाही. तो तांब्याचा असतो आणि त्याचे सांधे चांदीच्या डाखाने जोडलेले असतात. सराफी पेढीवरील मंडळींना हे काम ओळखीचे वाटेल. कथलाचा डाख थोड्याशा उष्णतेने वितळतो, म्हणून दाबाच्या सांध्याला तो वर्ज्य. मग बॉयलर काठोकाठ पाण्याने भरून त्यावर नेहमीच्या दुप्पट दाब देतात. पाणी दबत नाही. सांधा फुटला तरी पिचकारी उडून दाब लगेच उतरतो. तीच चाचणी हवेने केली तर तुकडे उडतील. तिकडच्या क्लबांत हे काम नेमलेला निरीक्षक करतो, आणि निरीक्षकाने स्वतः बनवलेला बॉयलर असेल तर तो दुसऱ्याने तपासायचा असतो. दाबमापकाचा काटा ठरल्या वेळेपर्यंत जागचा हलला नाही आणि एकाही सांध्यावर थेंब फुटला नाही, तर दाखल्यावर सही होते. त्यानंतर आत आग.